वर्ग केलेलं आकाश

"आईचे श्रेयांक माझ्या नावावर वर्ग होतील ना?" शाल्मलीनं प्रवेशाच्या खिडकीत विचारलं. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या आईनं, कुमुदताईंनी, लग्नापायी खगोलशास्त्र दुसऱ्या वर्षालाच सोडलं होतं.

"होतील की. त्यावर वेधशाळेत अर्धवेळ कामही मिळेल," खिडकीतले दळवी म्हणाले. "पण ताई, वर्ग म्हणजे वर्ग. शिकलेलं मुलीकडे गेलं की तुमच्या डोक्यात त्यातलं काही उरत नाही."

शाल्मली मागे सरली. "नको, आई."

"गप गं," म्हणत कुमुदताईंनी स्वतःचा आणि तिचा तळवा काचेवर टेकवला. काच क्षणभर कोमट झाली.

बाहेर अंधारून आलं होतं. शाल्मलीनं वर पाहिलं. कालपर्यंत जे नुसते ठिपके होते, त्यांची नावं, वयं, अंतरं तिला आपसूक ठाऊक होती. आईनं एवढं सगळं इतकी वर्षं एकटीनं जपलं होतं, आणि आता ते तिच्यापाशी नव्हतं.

तेवढ्यात कुमुदताईंनी तिचा दंड धरला. "शालू, तो तांबूस तारा कुठला गं?"

"ज्येष्ठा," शाल्मली म्हणाली. "सूर्याच्या जागी ठेवली, तर आपली पृथ्वी तिच्या पोटात जाईल."

"अगं बाई! खरंच?"

आणि कुमुदताई तोंडाचा आ करून, पुन्हा एकदा पहिल्यांदाच, आकाशाकडे बघत राहिल्या.