खालचं भिंग

लॉजच्या मालकाने व्हीलचेअरवाल्या पाहुण्यांसाठी खोली तयार केली, तेव्हा स्वतः खुर्चीत बसून डोळ्यांच्या उंचीवर दारात भिंग बसवून घेतलं, म्हणजे बसल्याबसल्या बाहेरचा माणूस दिसेल. पहिल्या पाहुण्या, मास्तरीणबाई, भावासोबत आल्या. भाऊ बाहेर पडल्यावर मालक, बाईंच्या देखत भावालाच विचारून केलेला बिनसाखरेचा चहा घेऊन गेला. टकटक केली. आत चाकं सरकली, दाराशी थांबली, पण कडी निघेना. मालकाला नवल वाटलं. “मी मालक.” “मला नुसतं पोट दिसतंय,” बाई म्हणाल्या. “माझंच आहे हो.” “पोटावरून माणूस कसा ओळखायचा?” मालकाने कपाळावर हात मारला. उंची मोजली होती ती आतल्याची. बाहेरचा उभाच असणार, हे राहूनच गेलं. कण्हतकुंथत उकिडवं बसून त्याने भिंगाला तोंड दाखवलं. दार उघडलं. “आता समोरासमोर आलोच आहोत, तर साखर किती ते मलाच विचारा.”