न दिलेली ओ

नवरा पुढे, त्याच्या खांद्यावर लेक. मागे मी, टॉवेल, डबे, पाण्याच्या बाटल्या सगळं लादून घेतलेली. "जंगलातून समुद्र जवळ पडतो," म्हणाला होता शहाणा.

हाक मारली की लगेच ओ द्यायची, ही त्याची घरातली शिस्त. स्वतः मात्र ढुंकूनही मागे बघत नाही.

"अगं, येतेस ना?"

आज ओ द्यायचीच नाही, मी ठरवलं. बस म्हणावं घसा फोडत.

"ओ," माझ्या मागून कोणीतरी म्हणालं. आवाज माझाच होता, फक्त त्यात राग नव्हता.

मी वळून पाहिलं. नुसती झाडं.

"अगं?"

"ओ." या वेळी माझ्या पुढून.

"बघ, आज आई कशी गुणी झालीय," तो लेकीला म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सामान तिथेच टाकून मी त्यांच्यामागे धावत सुटले.

किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. दोघं माझ्याकडे पाठ करून वाळूत उभी होती.

"आई," लेकीने हाक मारली.

मी तोंड उघडलं. आवाजच फुटेना.

"ओ," पाण्यातून आली. लेक बापाचा हात सोडून हसत तिकडे पळाली.