पहिला चीक

म्हैस जिवंत रेडकाकडं बघेचना.

चारा छावणीतल्या पत्र्याखाली ते ओलं रेडकू धडपडत उठायचं, पुन्हा ढासळायचं. आणि ही बया कोपऱ्यातल्या दुसऱ्याच रेडकाला चाटत उभी! ते मागल्या वेताचं. मेलेलं. म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून बंकटनं त्याच्या कातड्यात भुसकट भरून शिवलं होतं, डोळ्यांच्या जागी चिंचोके बसवले होते.

चतुराबाईनं त्या चिंचोक्यांवरून नजर काढली. मागल्या वेताचा सगळा चीक दूध संस्थेच्या चेअरमनकडं, आप्पारावांकडं, खरवसाला गेला होता. पहिला चीक त्यांच्या घरी पोचवायचा ही गावाची रीतच. आठवडाभरात रेडकू हगवणीनं गेलं. मग घाटनांदूरचा डॉक्टर बोलला, "बाई, आईनं आजवर जे जे रोग जिरवले, त्यांची ओळख चिकात असते. तो वेळेत पोटात गेला की आतड्याला राखण बसते. न्हाई तर दार सताड उघडं."

आता तिचा नवरा, बंकट, चरवी घेऊन उकिडवा बसला होता.

"सर बाजूला. चेअरमनचा माणूस येऊन गेलता. दुष्काळात छावणीत जागा कुणी दिली, इसरलीस व्हय?"

"न्हाई इसरले. पर चरवी ठिवा खाली."

"कावून?"

"खरवस न्हाई खाल्ला तर चेअरमन मरत न्हाई. ह्ये मरतंय!"

तिनं जिवंत रेडकू उचललं आणि सडाशी धरलं. म्हैस भुसकटाचं कपाळ चाटत राहिली, अन् चाटता चाटता तिनं पान्हा सोडला. रेडकू लुचायला लागलं. पिवळाधम्मक चीक त्याच्या ओठांवरून ओघळला, तसा चतुराबाईला हुंदकाच फुटला.

"पी रं माझ्या राजा, पी!"

पोट टम्म झालं तसं ते बाजूला होऊन निजलं. म्हशीचं चाटणं काही थांबेना. सडांतून आपसूक धार लागलेली.

"उरलेला तरी नेतो," म्हणत बंकटनं चरवी खाली सरकवली. धार बंद झाली. त्यानं सड ओढून पाहिले, म्हशीच्या पाठीवर थाप मारली. थेंब नाही.

वैतागून त्यानं मान वर केली आणि ती तशीच राहिली.

"अगं, त्याच्या तोंडाला चीक कुणी लावला?"

"कुणाच्या?"

त्यानं नुसतं बोट दाखवलं. चिंचोक्यांच्या डोळ्यांखाली, शिवलेल्या तोंडावर पिवळा ओघळ होता. चतुराबाईनं भीत भीत त्या भुसकटाच्या पोटाला हात लावला. पोटाची शिवण भिजली होती. हाताला कोमट लागली.

बंकटनं रिकामी चरवी बाजूला ठेवली. "आता चेअरमनला काय सांगू?"

चतुराबाईनं पदरानं ते शिवलेलं तोंड पुसलं.

"सांगा, दोगं व्हती. दोगंबी पिली."