घाबरलेला श्वास

बिरसीच्या दुर्गेशनं ऑनलाइनच चार हौशी पोरं-पोरी जमवल्या. एकमेकांचं तोंडही न पाहता सगळे मिळून जंगलातला एक व्हिडिओ गेम बनवत होते. कुणाचं काम पसंत पडलं, की दुर्गेश लगेच फोन लावायचा.

केशोरीच्या भाग्यश्रीनं गेमसाठी रेकॉर्ड केलेला घाबरलेला श्वास मात्र त्यानं दोनदा परत पाठवला. "खोटा वाटते. घरात बसून काऊन करून राहिली? जंगलात जाऊन कर."

आज सकाळी तिचं नवं रेकॉर्डिंग आलं. ऐकून त्याच्याच अंगावर काटा आला. त्यानं लिहिलं, "एकदम खरा. फक्त मागची गुरगुर काढ, वाघाचा आवाज आपली नीतू वेगळा टाकणार आहे."

"गुरगुर मी टाकली नाही. फोन नको लावू."

दुर्गेशनं हे वाचलं, तेव्हा रिंग जात होती.