बोनसचा गुण

"अहो, काल आपली टीम तीन गुणांनी हरली." इंदुमती नवऱ्याच्या खाटेशी बसून पेपरातली कबड्डीची बातमी वाचत होती. पक्षाघात झाल्यापासून नऊ दिवस तो छताकडे बघत पडला होता. डॉक्टर रोज नाव विचारायचे, पण तोंडातून शब्द नाही.

याच माणसानं लग्नापासून तिचं डोकं खाल्लं होतं. लीगवाले नुसते केस उडवतात, खरी पकड कॉलेजच्या पोरांची! आणि समोर सहा गडी असल्याशिवाय बोनसचा गुण नाही, हे तर हजारदा. "पुरे हो," ती वैतागायची.

नवस बोलून झाले, देव पाण्यात ठेवून झाले. आज तिनं पेपर मिटला आणि त्यात नव्हतंच ते बोलली, "पंचच चोर मेले! समोर चार गडी होते, तरी आपल्या पोराला बोनस दिला नाही."

त्याच्या कपाळाला आठी पडली. वाकडे ओठ कसेबसे हलले.

"स... सहा."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते न पुसताच ती त्याच्यावर ओरडली, "काहीतरीच! चार पुरतात. पुरतात म्हणजे पुरतात!"