वाकडा चमचा

दारातले तिघे पाहून सुताराच्या बायकोने कपाळाला आठ्या घातल्या. एक ड्रायव्हर, एक न्हावी आणि एका कानाने बहिरा झालेला 'काका'. लढाईत तिच्या नवऱ्याबरोबर एकाच खंदकात राहिलेले. एरवी घर डोक्यावर घेणारे हे लोक आज हसले नाहीत. या म्हणायच्या आतच ते घरात शिरले.

मागच्या खेपेला ते येऊन गेले तेव्हा नवऱ्याने कितीतरी रात्री ओरडत काढल्या होत्या. आता कुठे तो निवळला होता. ओरडणं थांबलं. घरामागचा सुतारकामाचा कारखाना झाडून लख्ख केला, हत्यारांना तेल दिलं. आणि मुख्य म्हणजे तो वाकडा चमचा सुटला. लढाईवरून आल्यापासून त्या चमच्याशिवाय त्याने घास घेतला नव्हता. भाचीच्या लग्नातही त्याने तो खिशातून काढला होता आणि बायको शरमेने अर्धी झाली होती. 'माझी सवत' म्हणायची ती त्या चमच्याला. परवा ड्रायव्हरकडे जाऊन तो चमचा तिथेच ठेवून आला, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. माणूस एकदाचा घरी आला, असं तिला वाटलं.

न्हावी तडक कारखान्यात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर लाकडं बांधायचा दोर होता. कुलूप घालून त्याने किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. काका नवऱ्याला खेटून बसला आणि त्याने त्याचं मनगट घट्ट धरलं. नवरा खाली मान घालून बसून राहिला. हात सोडवायचा प्रयत्नही त्याने केला नाही.

तिचा संयम सुटला.

"कशाला आलात पुन्हा, भावजी? आत्ता कुठे हे घरात रमायला लागलेत! काय बिघडवलंय यांनी तुमचं?"

ड्रायव्हरने शर्टाच्या खिशातून तो चमचा काढला आणि नवऱ्यापुढे ठेवला.

"वहिनी, खंदकात आपला चमचा दुसऱ्याला देऊन कोण जायचा, माहितेय? ज्याला परत जेवायला यायचंच नसायचं, तो."

तिने सवत उचलली आणि नवऱ्याच्या मुठीत कोंबली.