शेवटचं पान

निरोपसमारंभाला अजून तासभर होता, पण डहाळेसाहेबांना कामं हातावेगळी करायची घाई. निवृत्त होणाऱ्या कर्णिकबाईंचं नाव त्यांनी ऑफिसच्या शेअर्ड फोल्डरमधून काढूनही टाकलं.

"नंतर कटकट नको," ते शेजारच्या खोतांना म्हणाले. "बाईंचं काय, समोसे खाल्ले की सुटल्या."

तेवढ्यात त्यांच्या स्क्रीनवर बाईंची विनंती आली. फाईल उघडायची परवानगी हवी होती. खाली लिहिलं होतं, 'साहेब, माझं काही चुकलं का? फाईल मध्येच बंद झाली. फोल्डरमध्ये कुठे काय ठेवलंय, ते तुमच्यासाठी लिहून ठेवत होते. शेवटचं पान राहिलंय.'

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईने परवानगी देऊन त्यांनी मान वर केली. पलीकडच्या टेबलामागून बाई त्यांनाच हात जोडून 'थँक्यू' म्हणत होत्या.